बाजारातली दोन भाषणं : तालमीच्या नोंदी

२९ जून

यंदाच्या जत्रेत मुख्य नाटकाआधी आम्हाला चाळीस मिनिटं मिळालीत. समितीनं एवढंच विचारलं, "ताई, ह्या नाटकात देव कोण?" म्हटलं, देव नाही, राक्षसही नाही, सगळी माणसंच. ते जरा खट्टू झाले, पण वेळ दिला.

संहिता 'ज्युलियस सीझर'ची. तिसऱ्या अंकाचे दुसरा-तिसरा प्रवेश आणि चौथ्या अंकाचा पहिला, तोही निम्मा. मराठी मी करतेय, तालमीत बदलत राहील. सीझर म्हणजे रोमचा सत्ताधीश. त्याचा खून दाखवायचा नाही. पडदा उघडतो तेव्हा तो झालेला आहे. तारीख १५ मार्च, इसवी सनापूर्वी ४४. रोमच्या चौकात लोक जमलेत आणि त्यांना जाब हवाय. आधी ब्रूटस बोलतो, खून करणाऱ्यांपैकी एक, मग अँटनी, सीझरचा मित्र. ब्रूटसच्या भाषणानंतर लोक त्याचा पुतळा उभारायला निघतात, अँटनीच्या भाषणानंतर त्याचं घर जाळायला. मध्ये जेमतेम अर्धा तास.

शेक्सपिअरनं नाटक लिहिलं १५९९ च्या सुमारास. कथा ग्रीक चरित्रकार प्लुटार्कची, नॉर्थच्या १५७९ च्या इंग्रजी भाषांतरातून घेतलेली. प्लुटार्क सांगतो की अँटनीनं अंत्यविधीला भाषण केलं, रक्तानं माखलेला झगा उंचावून दाखवला. भाषण काही तो देत नाही. स्वभावाचे दोन धागे मात्र देतो: ब्रूटसची ग्रीक पत्रं तुटक, मोजक्या शब्दांची, अँटनीचं बोलणं आशियाई वळणाचं, फुलोऱ्याचं. त्या दोन धाग्यांवरून शेक्सपिअरनं दोन अख्खी भाषणं विणली.

पात्रं ठरली. ब्रूटस पतसंस्थेत आहे. अँटनी हायस्कुलात गणित शिकवतो आणि जत्रेच्या ऐतिहासिक नाटकांत बारा गावचं पाणी प्यालेला आहे. बाकी सगळे जमाव. जमावात कोणी यायला तयार नव्हतं. "आमका वाक्यां ना?" हा पहिला प्रश्न. खरं तर सगळ्यात अवघड काम त्यांचंच आहे, आणि हे मी अजून त्यांना सांगितलेलं नाही.

६ जुलै

अगरशाळेत, म्हणजे देवळाच्या धर्मशाळेत, बैठक. पावसानं पत्रे असे वाजत होते की वाचन ओरडून करावं लागलं.

आज फक्त ब्रूटस. सगळ्यांचं मत पडलं की हा सज्जन, सरळ बोलतो, आणि लबाड तो अँटनी. हे इतक्यात ठरवू देणार नाही म्हटलं. मग दुसऱ्या अंकातलं ब्रूटसचं रात्रीचं स्वगत वाचून दाखवलं. तिथे तो स्वतःशीच कबूल करतो की सीझर आज जसा आहे त्यावरून त्याला मारायचं कारण सापडत नाही. म्हणून युक्तिवाद असा रचू या, की मुकुट मिळाल्यावर तो बदलेल. सापाचं अंडं आहे, फुटायच्या आधीच ठेचू. म्हणजे सगळा मामला 'उद्या कदाचित'चा. आणि चौकात येऊन हाच गृहस्थ काय म्हणतो? तो शूर होता म्हणून मी त्याचा मान राखतो, तो महत्त्वाकांक्षी होता म्हणून मी त्याला मारलं. 'होईल'चं 'होता' झालं, आणि त्याला पुरावा एकही नाही.

वर प्रश्न कसा? तुमच्यात असा कोण नीच आहे ज्याला गुलाम व्हायचंय? असेल तर बोला, मी उत्तरासाठी थांबतो. असल्या प्रश्नाला हात कोण वर करणार? सगळे म्हणतात, कोणी नाही. मग मी कोणाचाच अपराध केला नाही, असं तो मोकळा होतो. बोलणारा प्रामाणिक आहे म्हणून त्याचं बोलणं प्रामाणिक असतंच असं नाही. ब्रूटसला आपण लोकांना फसवतोय याचा पत्ताच नाही, कारण आधी त्यानं स्वतःला पटवलंय.

आमच्या ब्रूटसला हे आवडलं नाही. "मग मी व्हिलन?" नव्हे बाबा. तू मनापासून बोल, तेवढं पुरे.

जमावातून एक आवाज येतो तो मात्र सगळ्यांच्या लक्षात आला: "ह्यालाच सीझर करा!" सीझर नको म्हणून ज्यानं खून केला त्यालाच लोक सीझर करायला निघालेत, आणि तो ऐकून न ऐकल्यासारखं करतो. तो जिंकला त्या घटकेलाच कळतं की त्याचं म्हणणं कोणाच्या डोक्यात शिरलेलं नाही.

१३ जुलै

वीज गेली, निम्मी मंडळी पोचली नाहीत. पाठांतर.

२० जुलै

अँटनीचा पूर्वार्ध.

आमच्या अँटनीनं पहिल्याच वाक्याला छाती काढली, हात पसरले, आवाज गर्भगृहापर्यंत नेला. संभाजीराजांना साजेसं, इथे चालायचं नाही. त्याला आठवण करून दिली की तू आत्ता ब्रूटसच्या मेहेरबानीनं उभा आहेस. अटी घातल्यात: आम्हाला दोष द्यायचा नाही, सीझरबद्दल हवं तेवढं चांगलं बोल, आणि आमच्या परवानगीनं बोलतोय हे सांग. जमाव तुझ्या विरुद्ध आहे. खालून एक जण म्हणतोय, इथे ब्रूटसविरुद्ध अवाक्षर काढलं नाही तर बरं. दुसरा म्हणतोय, सीझर जुलमीच होता. अशा ठिकाणी छाती काढणारा माणूस तिसऱ्या वाक्याला खाली उतरवला जातो.

मग तो खालच्या पट्टीत आला आणि एकदम ऐकावंसं वाटू लागलं. मी सीझरला पुरायला आलोय, त्याची स्तुती करायला नाही. ब्रूटस म्हणतो तो महत्त्वाकांक्षी होता, आणि ब्रूटस सन्माननीय गृहस्थ आहे. इथपर्यंत अटी तंतोतंत पाळल्यात. मग एकेक वस्तू पुढे सरकवतो. युद्धकैद्यांच्या खंडणीनं सीझरनं सरकारी तिजोरी भरली. गोरगरीब रडले तेव्हा तो रडला. लुपरकालच्या सणाला मी त्याला तीनदा मुकुट दिला, तीनदा त्यानं नाकारला, तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. आणि दर वेळी तेच पालुपद, ब्रूटस सन्माननीय आहे. दोष दिलेला नाही. परवानगीही मोडलेली नाही.

'तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय' इथे थांबलो. पहिल्या अंकात कॅस्का, पुढे कटात सामील होणारा, हाच प्रसंग सांगतो. त्याच्या सांगण्याप्रमाणे सीझरनं मुकुट नाकारला खरा, पण दर वेळी जरा जास्तच नाखुशीनं, आणि शेवटी त्याला फेफरं आलं. म्हणजे एकच घटना, साक्षीदार शेकडो, आणि तिचा अर्थ दोघांचे दोन. अँटनी ती नाकारण्याची गोष्ट म्हणून सांगतो. तो खोटं बोलत नाही, फक्त निम्मं सांगून उरलेल्यावर लोकांची सही घेतो. 'तुम्ही पाहिलंय' म्हटल्यावर चौकात कोण म्हणणार, मी त्या दिवशी नीट पाहिलं नव्हतं?

आणि मग ज्या जागी त्याचं भाषण खरं रंगात येतं, तिथे तो गप्प बसतो. माझं काळीज तिथे शवपेटीत सीझरपाशी आहे, ते परत येईपर्यंत मला थांबलं पाहिजे. आमच्या अँटनीनं ही जागा दोन सेकंदांत उरकली. म्हटलं, घाई का? ह्या वेळात जमाव आपसात बोलतो, "ह्याच्या बोलण्यात अर्थ आहे." वक्ता बोलत असता तर त्यांना एकमेकांना पटवायला सवडच मिळाली नसती. ही सुट्टी तो आपल्या काळजासाठी घेत नाही, त्यांच्यासाठी घेतो.

२७ जुलै

जमाव मंडळींना ग्रामसभेला बसायला सांगितलं होतं. ऐकायचं नाही, ऐकणाऱ्यांकडे बघायचं. आज सकाळी सभा झाली, दुपारी तालीम.

निरीक्षणं चांगली आणली. पहिला मोठ्यानं बोलतो तो क्वचितच सगळ्यात रागावलेला असतो. दुसरा बोलायच्या आधी पहिल्याकडे बघतो. मागे भिंतीला टेकलेले शेवटपर्यंत टेकलेलेच असतात, पण एकदा सुटले की सगळ्यात पुढे तेच. आणि एका मुलीनं सांगितलं ते लाखाचं: "ताई, सरपंच माहिती देत होते तोवर कोणी ऐकेना. एकानं म्हटलं, हा कागद आज वाचत नाही, उगाच भांडणं होतील. त्यावर अख्खं सभागृह म्हणालं, वाच!"

एवढं मिळाल्यावर मृत्युपत्राच्या तालमीत मला काही समजवावंच लागणार नाही.

३ ऑगस्ट

मृत्युपत्र.

अँटनी कागद दाखवतो. सीझरच्या खोलीत सापडला, त्याची मोहर आहे. पण माफ करा, मी वाचणार नाही. वाचला तर तुम्ही सीझरच्या जखमांचं चुंबन घ्याल. तुम्ही लाकडं नाहीत, दगड नाहीत, माणसं आहात, ऐकून भडकाल. तुम्ही त्याचे वारस आहात हे तुम्हाला ठाऊक नाही तेच बरं!

वाचणार नाही म्हणता म्हणता सगळं सांगून झालं. जमाव ओरडतो: वाच! मग तो म्हणतो, म्हणजे तुम्ही मला वाचायला भाग पाडणार? तर मग सीझरच्या देहाभोवती कडं करा. मी खाली उतरू? परवानगी आहे?

इथे मला ह्या सगळ्या प्रयोगाची किल्ली दिसते, आणि आज ती फळ्यावर लिहून ठेवली: अँटनी काही देत नाही, मागायला लावतो. व्यासपीठावर तो ब्रूटसच्या परवानगीनं चढला होता, खाली उतरतो लोकांच्या परवानगीनं. त्या दोन पायऱ्यांत त्याचा मालक बदलला. आता ब्रूटसच्या अटी त्याला लागू नाहीत, कारण हुकूम जनतेचा आहे. पुढे जे काही होईल ते लोकांनीच मागितलेलं असेल.

म्हणून जमावाला ताकीद. "वाच" हे वाक्य पाठ केल्यासारखं आलं तर सगळं मेलं. ते तुमच्यातून यायला हवं आणि अँटनीनं त्याची वाट बघायला हवी. आलं नाही तर तो अडकला पाहिजे. गणिताच्या सरांना ही जोखीम आवडली नाही. "आणि कोणी ओरडलंच नाही तर?" तर कागद खिशात घालून घरी जा. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी उत्तरपत्रिका हरवलीय.

१० ऑगस्ट

झगा.

कपड्यांच्या पेटीतून जांभळा मखमली झगा निघाला, कुठल्या तरी ऐतिहासिक नाटकातला, डांबरगोळ्यांचा वास मारणारा. कात्रीनं भोकं पाडली तर बटणाची काजं वाटली. मग टोकानं टोचून हातानं फाडलं. मखमल फाटते तेव्हा अस्तर बाहेर येतं, पांढरं. ते पाहून सगळेच जरा मागे सरले. लाल रंग नंतर लावला, पण नसता लावला तरी चाललं असतं.

अँटनी झगा हातात घेऊन काय सांगतो? सीझरनं हा पहिल्यांदा घातला तो दिवस मला आठवतो. उन्हाळ्याची संध्याकाळ, त्याचा तंबू, त्याच दिवशी त्यानं नर्व्ही टोळीला हरवलं होतं. सुंदर आठवण. फक्त ती लढाई इसवी सनापूर्वी ५७ मधली, आणि अँटनी गॉलमध्ये सीझरकडे दाखल झाला ५४ मध्ये. शेक्सपिअरला हे माहीत होतं की नव्हतं, मला त्याचं देणंघेणं नाही. पण पुढचं तर नाटकातच आहे. बघा, इथून कॅशसचा खंजीर घुसला. हे भगदाड मत्सरी कॅस्कानं पाडलं. आणि इथून लाडक्या ब्रूटसनं भोसकलं. अहो, खून झाला तेव्हा हा तिथे नव्हता! कटातला ट्रेबोनियस त्याला मुद्दाम बाजूला घेऊन गेला होता. कुठलं भोक कोणाचं हे त्याला कोण सांगणार?

मंडळी हसली. मग मी म्हटलं, चला, करून बघा. अँटनीनं एका भोकातून बोट घातलं आणि पलीकडून ते बाहेर काढलं. "इथून ब्रूटस." बोट हललं. खोली गार. कोणालाही विचारावंसं वाटलं नाही की हे ब्रूटसचंच कशावरून. भोक खरं आहे, बोट खरं आहे, मग नावही खरंच असणार, असं मन आपोआप धरून चालतं. सीझरच्या अंगावर जखमा तेवीस होत्या असं जुने इतिहासकार सांगतात. तेवीस जखमा म्हणजे नुसता आकडा झाला. एका भोकाला नाव दिलं की राग कोणावर काढायचा ते ठरतं.

त्यानंतर तो म्हणतो, मी काही ब्रूटससारखा वक्ता नाही, साधा रांगडा माणूस. आणि मजा अशी की मूळ नाटकात ब्रूटसचं भाषण गद्यात आहे, ह्या 'रांगड्या'चं पद्यात. मराठीत मी ब्रूटसला तोलून मापून जोडवाक्यं दिलीत, अँटनीला ओट्यावर बसून बोलल्यासारखी. इथे लय दिसता कामा नये, पण असली पाहिजे.

चतुर्थीपर्यंत तालीम बंद. सगळे माटोळी बांधण्यात आणि घुमट वाजवण्यात अडकणार.

७ सप्टेंबर

ग्रुपमधल्या कॉलेजच्या मुलीनं विचारलं, हे एकट्या अँटनीचंच का? 'ऑथेल्लो'मधला इयागोही असंच करतो. बरोबर आहे तिचं. तिसऱ्या अंकात कॅसिओ ऑथेल्लोच्या बायकोशी, डेस्डेमोनाशी, बोलून निघून जातो, तेव्हा इयागो एवढंच पुटपुटतो की हे मला बरं दिसत नाही. ऑथेल्लो विचारतो, काय म्हणालास? काही नाही, स्वामी. मग ऑथेल्लोनं विचारायचं आणि ह्यानं तेच शब्द परत करायचे. शेवटी ऑथेल्लोच वैतागतो की हा माझेच शब्द मला ऐकवतोय, पोटात काहीतरी भयंकर दडवल्यासारखा. संशय ऑथेल्लोनं मागून घेतला. एका माणसाला एकांतात जे, तेच चौकात हजाराला. फरक एवढाच की ऑथेल्लोला पुढे कळतं आपल्याला कोणी गुंडाळलं. रोमच्या जमावाला ते कळल्याचं नाटकात कुठेच नाही.

त्याच तालमीत सिन्नाचा प्रवेश उभा केला. कवी रस्त्यानं जातोय. जमाव घेरतो. नाव काय, कुठे चाललास, राहतोस कुठे, लग्न झालंय का. सरळ सांग, थोडक्यात सांग. तो म्हणतो, मी कवी सिन्ना, कटातला सिन्ना नव्हे. मग वाईट कवितांसाठी फाडा! ह्या प्रवेशाला लोक हसणार हे नक्की आहे आणि हसू द्यायचं. मारहाण विंगेत.

२८ सप्टेंबर

वाद. समितीतल्या एका काकांचं म्हणणं, जाळपोळीवर पडदा टाका, तिथे टाळ्या आहेत. पुढची तीन माणसं टेबलावर बसून बोलतात ते कशाला?

कारण नाटकात नंतर मृत्युपत्राचं काय झालं ते तिथेच कळतं. अँटनी आणि त्याचे नवे साथीदार ऑक्टेव्हियस आणि लेपिडस मारायच्या माणसांची यादी करतायत. लेपिडस स्वतःच्या भावाच्या नावावर ठिपका मारू देतो, पण अट घालतो की अँटनीचा भाचाही जायला हवा. अँटनी खुशाल ठिपका मारतो. आणि लगेच म्हणतो, लेपिडस, जरा सीझरच्या घरी जाऊन ते मृत्युपत्र घेऊन ये, वारसांना द्यायच्या रकमांत कुठे काटछाट करता येते ते बघू. माणशी पंच्याहत्तर द्राख्मा आणि टायबरकाठच्या बागा, ज्याच्या नावानं शहर पेटवलं, त्यातच काटछाट! हे वाक्य गाळायचं तर मी प्रयोगच करत नाही.

चौकातसुद्धा हा कागद किती उशिरा उघडतो ते बघा. लोक घर जाळायला धावतायत, हाच त्यांना परत बोलावतो: अरे, मृत्युपत्र विसरलात! पैशांची गरज तेव्हा उरलेली नव्हती. पैसे ऐकवायचे ते अशासाठी, की उद्या कोणाला जाळपोळीची लाज वाटली तर हाताशी एक कारण असावं.

काकांनी "बघा बुवा" म्हटलं. म्हणजे हो.

१२ ऑक्टोबर

आबा तालमीला आले होते. पंच्याऐंशीच्या आसपास, आमच्या गावचे जुने नट. शेवटी बसून बोलले ते गोव्याच्या जनमत कौलाबद्दल, १६ जानेवारी १९६७. फुलाचं चिन्ह म्हणजे महाराष्ट्रात विलीन, दोन पानांचं म्हणजे संघप्रदेश, केंद्रशासित. पानांना १,७२,१९१ मतं, फुलाला १,३८,१७०. आबा फुलाकडचे. विचारलं, तेव्हाच्या सभांतला एखादा मुद्दा आठवतो? "मुद्दे कोणाला आठवतात बाय. गाणी आठवतात. त्यांचीसुद्धा." आणि ज्यांच्या विरुद्ध मत दिलं त्यांचं गाणं दोन ओळी म्हणून दाखवलं, सुरात.

जमावात म्हाताऱ्यांसाठी एक जागा आहे. आबांना दिली. वाक्य एकच: "मला वाटतं सीझरवर मोठा अन्याय झाला." ते ज्या शांतपणे म्हणतात ते ऐकून पोरं ओरडायची कमी झाली.

९ नोव्हेंबर

काल प्रयोग झाला. जमाव खुर्च्यांत पेरला होता, प्रेक्षकांमध्ये. ब्रूटसला टाळ्या पडल्या, भरपूर, त्यानं त्या खऱ्या मानल्या आणि पात्राला ते शोभलं. जाताना "माझ्यासाठी इथेच थांबा, अँटनीचं ऐका" असं लोकांना सांगून तो निघून जातो. आपल्या हातानं सभा दुसऱ्याला देऊन जाणारा हा माणूस. प्रत्यक्ष मंडपात बघताना मला त्याचा राग आला.

मृत्युपत्राला सर थांबले. पेरलेल्यांपैकी एकानं "वाच" म्हटलं. सर गप्प. दुसरा. सर कागदाची घडी घालू लागले. आणि मागून, चण्यांच्या गाड्याच्या बाजूनं, आमच्यातला नसलेला कोणीतरी ओरडला, "वाच मरे!" मग मंडपभर. सरांच्या चेहऱ्यावर क्षणभर जो आनंद दिसला तो मी त्यांना शिकवलेला नव्हता, आणि अँटनीला त्याहून योग्य भाव मला सुचलाही नसता.

सिन्नाला लोक हसले. चौथ्या अंकात काटछाटीचं वाक्य आलं तेव्हा त्याच बाजूनं स्पष्ट ऐकू आलं, "फटयले रे आमकां!" फसवलं रे आम्हाला.

झग्याचं अस्तर आणखी फाटलंय. तसंच ठेवायचं. प्रकाशयोजनेत टेबलाचा दिवा उशिरा लागला, पुढच्या वेळी आधीपासून मंद ठेवू.

आज सकाळी चहाच्या गाड्यावर एक जण अडवून विचारायला लागला, "ताई, मागीर पयशे मेळ्ळे काय तांकां?" सांगितलं, अँटनीनं नाही दिले. ऑक्टेव्हियसनं दिले, सीझरच्या बहिणीच्या नातवानं, माणशी तीनशे सेस्टर्स. तोच पुढे ऑगस्टस झाला आणि आपल्या कारकिर्दीच्या लेखात ही रक्कम नोंदवून गेला, दत्तक बापाच्या, म्हणजे सीझरच्या, मृत्युपत्राप्रमाणे दिली म्हणून. त्यानं बशीतला चहा संपवला.

"म्हणजे अँटनीन बोवाळ केलो आनी मतां ताणें व्हेलीं. मागीर ताचेर कर नाटक."

सरांना विचारते, ऑक्टेव्हियस करणार का. उंची कमी पडेल, पण हिशेब येतो.